वाचकांचे प्रश्न : नवमतदारांची नोंदणी

प्रश्न : आम्ही लालबागमधील पाच मैत्रिणी निवडणुकीपूर्वी दर रविवारी चाळींमध्ये जाऊन नवमतदारांना नोंदणीसाठी मदत करू इच्छितो. पुनर्विकासामुळे संक्रमण शिबिरात गेलेल्यांचे काय करावे?

उत्तर : आपला विचार मनापासून आवडला. प्रथमच नाव नोंदवणाऱ्यांसाठी नमुना ६ आणि पत्ता बदललेल्यांसाठी नमुना ८ असतो. संक्रमण शिबिरात राहायला गेलेल्या मतदाराने नमुना ८ भरावा, नव्याने नमुना ६ भरू नये, कारण दोन ठिकाणी नाव असणे कायद्याला मान्य नाही. ही चूक फार होते, म्हणून "यापूर्वी कुठे नाव होते का?" हा प्रश्न आधी विचारा. वयासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या चार अर्हता तारखा (अठरा वर्षे पूर्ण झाली का, हे ज्या तारखेला पाहतात त्या) आहेत आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो.

अर्ज तुम्ही समजावून द्या, पण सही अर्जदारानेच करावी. आधारवरील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. वडिलांच्या नावातील एखादी वेलांटी चुकली, तरी पुढे दुरुस्तीसाठी हेलपाटे पडतात. कुणाची कागदपत्रे स्वतःजवळ ठेवू नका. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी पडताळणीला येतील तेव्हा घरी कुणीतरी असावे, हे आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. अडचण आल्यास १९५० या क्रमांकावर विचारता येते. उमेदवारांच्या नामनिर्देशनाच्या अखेरच्या दिवसांपर्यंत मात्र थांबू नका. येत्या रविवारीच सुरुवात करा.