वाचकांचे प्रश्न : पेगन आणि विक्कन एकच का?

प्रश्न : इंग्रजी लेखनात ‘पेगन’ आणि ‘विक्कन’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. दोन्ही एकच आहेत का? आणि विक्का हा खरोखरच प्राचीन धर्म आहे का?

उत्तर : एकच नाहीत. विक्का मानणारे बहुतेक जण स्वतःला पेगन म्हणवतात, पण पेगन म्हणवणारा प्रत्येक जण विक्कन नसतो. त्यातून ‘पेगन’ हा शब्द फार जुना आणि विक्का हा धर्म अगदी अलीकडचा, त्यामुळे घोटाळा वाढतो.

‘पेगन’ हा शब्द लॅटिन ‘पॅगानुस’ म्हणजे खेडूत यावरून आला. चौथ्या शतकात, रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माचे वजन वाढत असताना, जुन्याच देवदेवतांना पूजणाऱ्यांना ख्रिस्ती लोक या नावाने हिणवू लागले. विसाव्या शतकात मात्र ख्रिस्तपूर्व युरोपातील उपासनांकडे वळलेल्यांनी हेच नाव आपणहून घेतले. त्यांत प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे ड्रुइड आहेत, ओडिन आणि थॉर या उत्तर युरोपातील देवांचे उपासक आहेत, ग्रीक देवतांना भजणारेही आहेत. या सर्वांचा मिळून एक ग्रंथ नाही की एक संस्थापक नाही.

चेटूकविद्येलाच धर्म मानणाऱ्या विक्काचे तसे नाही. मलायातील जकात खात्यातून निवृत्त होऊन इंग्लंडला परतलेल्या जेराल्ड गार्डनर यांनी तो लोकांपुढे आणला. ब्रिटनमधील चेटूकविषयक १७३५चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांचे या विषयावरील गाजलेले पुस्तक निघाले. आपल्याला एका जुन्या गुप्त मंडळाने दीक्षा दिली, असे ते सांगत. परंतु प्राचीन काळापासून ही परंपरा अखंड चालत आली, हे आजचे इतिहासकार सहसा मानत नाहीत. (धर्म नवा असणे हे उणेपण आहे, असे मला वाटत नाही, उणेपण असलेच तर जुनेपणाचा खोटा आव आणण्यात आहे.)

विधी पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. विक्कन मंडळी ‘अथामे’ नावाच्या, बहुधा काळ्या मुठीच्या सुऱ्याने हवेत वर्तुळ आखतात, चारही दिशांना आवाहन करतात आणि देवी व तिचा शिंगे असलेला जोडीदार यांची उपासना करतात. परंपरेनुसार त्या सुऱ्याने काहीही कापायचे नसते. वर्षातले आठ सण, दीक्षेच्या तीन पायऱ्या आणि ‘कोणाला इजा होत नसेल तर मनास येईल ते कर’ हा नियम, ही विक्काची ओळख. थॉरच्या उपासकाला यातले काहीच बंधनकारक नाही. त्यांच्या मेळाव्यात मधाच्या मद्याने भरलेले शिंग हातोहात फिरते आणि प्रत्येक जण देवांच्या वा पूर्वजांच्या नावाने घोट घेतो. सैतानाची पूजा यांपैकी कोणीच करत नाही. सैतान ही ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतली कल्पना आहे.

हा फरक सरकारदरबारीही दिसतो. अमेरिकेत दिवंगत सैनिकांच्या सरकारी स्मृतिशिळांवर विक्कन मंडळींचे, वर्तुळातील पंचकोनी ताऱ्याचे चिन्ह कोरायला २००७ मध्ये परवानगी मिळाली. थॉरच्या उपासकांचे चिन्ह असलेल्या हातोड्याला ती तेव्हा आपोआप लागू झाली नाही. त्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले.