संगीत ऐकवून मुलांना आकार निवडायला लावले, तर त्यातून काही सिद्ध होईल का?

तुम्ही सांगलीच्या शाळेत आठवीच्या वर्गाला गाणी ऐकवून 'या गाण्याचा आकार कोणता?' असं विचारणार आहात. जरूर विचारा, पण गाणी वापरू नका. अभंग लागला की मुलांच्या डोळ्यांसमोर देऊळ येतं, लावणी लागली की फड. मग आकार सुराचा की आठवणीचा, ते कसं कळणार? रागही नको. त्यात सूर, लय, ठहराव सगळं एकत्र येतं, आणि नक्की कशाचा परिणाम झाला ते सुटं करता येत नाही.

मी मिरजेत गाणं शिकवतो, म्हणून तंबोरा सुचवतो. जोडाची, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांपैकी, एकच तार छेडून रेकॉर्ड करा. मग घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तार यांच्यामधला दोरा काढा आणि तीच तार पुन्हा छेडा. सूर तोच, पण दोरा असताना आवाज झणझणीत, उघडा येतो आणि काढला की बराचसा मिटतो. बदलली ती फक्त जवारी, म्हणजे तारेची ती झणझण. दोन्ही रेकॉर्डिंगच्या आवाजाची पातळी मात्र सारखी ठेवा, नाहीतर मुलं मोठ्या आवाजाला मोठा आकार देतील. तंबोऱ्यासाठी लांब जायला नको. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, इथल्या कारागिरांकडे बसून काम होईल.

आकार दोनच: एक टोकदार, एक गोलसर, दोन्ही एकाच रंगाचे आणि साधारण सारख्याच आकारमानाचे. फूल, ढग, तारा असं नाव देता येईल असं काही नको. अर्ध्या मुलांच्या कागदावर टोकदार डावीकडे छापा, अर्ध्यांच्या उजवीकडे. आणि स्वतः 'तीक्ष्ण', 'मऊ' असले शब्द तोंडातून काढू नका, मुलं लगेच पकडतात.

याला जुना आधार आहे. मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी 1929 मध्ये निरर्थक शब्द आणि आकार यांची जोडी लावायला सांगितली होती. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 25 भाषांच्या 917 लोकांना 'बूबा' आणि 'किकी' हे निरर्थक शब्द ऐकवले. सुमारे 72 टक्के जुळण्या अपेक्षेप्रमाणे आल्या, म्हणजे गोल बूबाला, टोकदार किकीला. वाद्यांच्या बाबतीतही कर्कश ध्वनीला टोकदार आकार देण्याकडे कल दिसतो. उंच सुराचंही तसंच, म्हणूनच तबल्यातला चाटेवरचा (कडेवरचा) 'ना' आणि बायाचा (डग्ग्याचा) 'घे' ही बोलांची जोडी मी पहिल्या चाचणीला घेणार नाही. तिथे उंची आणि नाद दोन्ही बदलतात.

मोजताना घाई नको. 30 मुलांनी नुसतं डोळे झाकून निवडलं तरी 15 च्या आसपास 'बरोबर' (झणझणीतला टोकदार, मिटलेल्याला गोलसर) येणारच. 20 किंवा जास्त योगायोगाने येण्याची शक्यता साधारण पाच टक्के. म्हणून 17-18 वर खूश होऊ नका, दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घ्या. आणि प्रत्येकाने तोच आकार का निवडला, ते एका ओळीत लिहून घ्या. ती ओळ उत्तर देऊन झाल्यावरच मागा, आधी नाही.