भावाच्या बायपोलरसाठी मेंदूचा पेट स्कॅन करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाला बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी असा आजार) आहे, लिथियम आणि ओलान्झापिन या गोळ्या चालू आहेत, तरी उदासीचे दिवस लांबतच जातात. कुठल्याशा व्हिडिओत मेंदूचे लाल-निळे फोटो दाखवून ‘आता चयापचय बघून औषध ठरवतात’ असं सांगितलंय. तेव्हा त्याला मुंबईला नेऊन पेट स्कॅन करावा का, आणि कीटो आहार (भात-पोळी-साखर जवळजवळ बंद, चरबी जास्त) सुरू करून गोळ्या सोडाव्यात का.

स्कॅन करू नका. गोळ्या तर मुळीच सोडू नका. मी फोंड्यात लॅब चालवते, मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, त्यामुळे औषधाबाबत शेवटचा शब्द त्याच्या डॉक्टरांचा. पण चयापचय मोजून देणं हाच माझा धंदा आहे, म्हणून उत्तर लिहायला बसले.

व्हिडिओवाला खोटं सांगत नाही, अर्धं सांगतो. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण नुसते पडून असलो तरी शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तोच खातो. ही ऊर्जा मुख्यतः साखरेतून येते. पेट स्कॅनमध्ये फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली साखर शिरेतून देतात. पेशी ती आत ओढून घेतात, पण पुरती जाळू शकत नाहीत, म्हणून ती तिथेच अडकते. जास्त अडकली तो भाग उजळ दिसतो. लाल-निळा रंग संगणकाने भरलेला असतो.

यातून संशोधकांना खरोखरच बरंच कळलंय. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसला बॅक्स्टर यांच्या गटाने ओसीडीच्या (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजाराच्या) रुग्णांचे उपचाराआधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडून पाहिले. जे सुधारले त्यांच्या मेंदूतल्या कॉडेट नावाच्या भागातला साखरेचा वापर कमी झाला होता. काहींना फ्लुओक्सेटिन ही गोळी दिली होती, काहींना फक्त वर्तनोपचार, आणि बदल दोन्हीकडे दिसला. बोलून-वागून केलेला उपचारही मेंदूच्या साखरेच्या हिशेबात उमटतो, हे मला आजही थोर वाटतं. (‘नुसतं बोलून काय होणार’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा. आपल्या गोव्यातच ‘संगात’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांवर, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून दाखवले आणि ते काम २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. स्कॅनचा तिथे संबंधही नव्हता.)

व्हिडिओत सांगितलेली गोष्ट बहुधा २०१३ ची असावी. अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांच्या गटाला नैराश्याच्या रुग्णांत असं आढळलं, की मेंदूतल्या उजव्या इन्सुला या भागाची पुढची बाजू कमी साखर वापरत असेल तर समुपदेशनाने गुण येतो, जास्त वापरत असेल तर एसिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळीने. कल्पना सुंदर आहे. पण रुग्ण थोडे होते, आजार बायपोलर नव्हता, आणि इतक्या वर्षांनंतरही कुठल्या रोजच्या ओपीडीत यावरून औषध ठरत नाही.

त्याचं कारण साधं आहे. हे सगळे फरक गटांच्या सरासरीतले. बार्देश आणि सासष्टीतल्या पुरुषांच्या सरासरी उंचीत समजा अर्ध्या इंचाचा फरक निघाला, म्हणून समोरच्या माणसाची उंची मोजून त्याचा तालुका सांगता येईल का? त्यात रक्तातली साखर चढलेली असेल तर मेंदू ती खुणेची साखर कमी घेतो. चालू गोळ्या, अपुरी झोप, स्कॅनच्या वेळची धास्ती, सगळं त्या चित्रात मिसळतं. उतारवयात वागणं अचानक बदललं आणि डिमेन्शियाचा संशय असला तर हाच स्कॅन उपयोगी पडतो. तुमच्या भावाची गोष्ट ती नव्हे.

आता ज्या तपासण्या खरंच करायला हव्यात, त्यांकडे येते. त्या मानेखालच्या आहेत आणि तालुक्याच्या गावी होतात.

पहिली टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. लिथियममुळे काही जणांची थायरॉइड मंदावते. मग माणूस सुस्त होतो, वजन वाढतं, कशात मन लागत नाही. घरच्यांना वाटतं उदासी परतली, आणि उदासीवरची गोळी वाढवून तिथे काही हाती लागत नाही. तुम्ही रिपोर्टांबद्दल काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारते: सहा महिन्यांत टीएसएच, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि कॅल्शियम झालंय का? नसेल तर मुंबईच्या तिकिटाआधी हे करा.

दुसरी साखर. ओलान्झापिनने वजन आणि साखर दोन्ही वाढू शकतात, आणि आपण राहतो गोव्यात. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यातच निघालं, २६.४ टक्के. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), आणि टेपने कंबरेचा घेर. उपाशीपोटी इन्सुलिनही जोडलं तर शरीर इन्सुलिनला किती दाद देतं याचा अंदाज येतो. हा आकडा मनाच्या आजाराशीही जोडलेला असावा असं दिसू लागलंय: कॅनडात सिंथिया कॅल्किन यांनी औषधांना न जुमानणाऱ्या बायपोलर नैराश्याच्या ४५ रुग्णांवर मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची चाचणी केली. ज्यांचा इन्सुलिन-प्रतिरोध उतरला, त्यांची उदासीही बरीच उतरली. २०२२ चं काम आहे, छोटं आहे, मेटफॉर्मिन स्वतःहून आणून द्यायला पुरेसं नाही. डॉक्टरांपुढे विषय काढायला मात्र पुरेसं आहे.

कीटोचं म्हणाल तर ते थोतांड नाही. लहान मुलांच्या हट्टी फिट्सवर हा आहार १९२० च्या दशकापासून वापरात आहे. साखर मिळेनाशी झाली की मेंदू बराचसा चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर चालतो. स्टॅनफर्डने २०२४ मध्ये बायपोलर आणि स्किझोफ्रेनियाच्या २१ जणांवर चार महिने तो करून पाहिला, निकाल आशादायक आले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि त्यांची औषधं चालूच होती. व्हिडिओत नेमकी हीच ओळ गाळतात.

तुमच्या घरात धोका वेगळाच आहे. कीटोच्या पहिल्या दिवसांत लघवीवाटे पाणी आणि मीठ बरंच जातं. मीठ घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. एप्रिल-मेचा घाम आणि जुलाब यांनीही तेच होतं, अंगदुखीवर घेतलेल्या आयबुप्रोफेननेही. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, उलट्या, जीभ जड होणं दिसलं तर थेट बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या, अपॉइंटमेंटची वाट बघू नका. शीतकडी (भात-आमटी) आणि पाव थोडे कमी करून नुस्तं (मासे), भाजी, कडधान्य वाढवायला कोणाची हरकत नसावी. मीठ आणि पाणी मात्र होतं तेवढंच राहू द्या. पूर्ण कीटो करायचाच असेल तर डॉक्टरांच्या नजरेखाली, लिथियमची पातळी वरचेवर तपासत.

आणि ती पातळी नीट मोजून घ्या. सर्वसाधारणपणे ती ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असावी लागते, पण शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त दिलं तरच या आकड्याला अर्थ. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला लॅबमध्ये. सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर. आणखी एक, जे लॅबवालीच सांगेल: काही हिरव्या झाकणाच्या नळ्यांत लिथियम हेपरिन (रक्त गोठू न देणारं, लिथियम असलेलं रसायन) असतं, त्यात रक्त घेतलं तर रिपोर्ट खोटाच चढा येतो. रक्त काढणाऱ्या पोराला ‘लिथियमची टेस्ट आहे, नळी बघून घे’ एवढं बिनधास्त सांगा.