'विकर-प्रतिबंधक' नको, 'विकररोधक' म्हणा

प्रश्न असा आहे : नरक्याच्या झाडात सापडणाऱ्या कॅम्प्टोथेसिनवर, म्हणजे ज्यापासून कर्करोगाची औषधं बनतात त्या रसायनावर, मराठीत लेख लिहायचा आहे, तर 'एन्झाइम इनहिबिटर'ला (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या एन्झाइमचं काम अडवणाऱ्या पदार्थाला) 'विकर-प्रतिबंधक' म्हटलं तर चालेल का?

एन्झाइमसाठी 'विकर' खुशाल वापरा, शाळेच्या पुस्तकांनी तो रुळवला आहे. 'प्रतिबंधक' मात्र कृपया टाळा. प्रतिबंधक लस, प्रतिबंधक उपाय... आपल्या कानाला हा शब्द 'होण्याआधीच थोपवणारा' असाच लागतो. शेजारी 'कर्करोग' आला की वाचणारा 'कर्करोग होऊ नये म्हणून घ्यायचं काहीतरी' असा अर्थ काढणार, आणि उद्या कुणी नरक्याची साल उकळून प्यायला घेईल. कॅम्प्टोथेसिन विषारी आहे. १९७०च्या दशकात रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा लघवीतून रक्त जाण्यासारखे त्रास झाले आणि त्या थांबवाव्या लागल्या. इथे शब्द चुकला तर इजा होऊ शकते.

'निरोधक', 'अवरोधक' चूक नाहीत, पण माझी पसंती साध्या 'रोधक'ला. 'गतिरोधक' आपण रोज ओलांडतो. तो गाडी थांबवत नाही, वेग कमी करतो, आणि बरेचसे इनहिबिटरही विकराचं काम मंदच करतात. म्हणून 'विकररोधक'.

कॅम्प्टोथेसिनची तऱ्हा मात्र निराळी आहे, आणि तिथे मला आपला घरचा शब्द सुचतो : पाचर. डीएनएला सुतळीसारखा पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर दोनपैकी एक धागा कापतं, पीळ सैल करतं आणि टोकं पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या फटीत जाऊन बसतं. कापणं होतं, सांधणं होत नाही. लहानपणी आमच्या अंगणात ओंडका उभा चिरायला माणसं यायची. करवत थोडी आत गेली की ते चिरेत लाकडी पाचर ठोकत, म्हणजे चीर मिटत नसे. हे अगदी तसंच. पेशी डीएनएची नक्कल करायला लागली की ते काम या पाचरीवर आदळतं, दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या पेशींना म्हणूनच त्याचा तडाखा जास्त. प्रयोगशाळेत डीएनए मुद्दाम तोडून पेशी तो कसा दुरुस्त करते हे पाहायलाही कॅम्प्टोथेसिन वापरतात. औषध म्हणून त्यात फेरफार करून केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही दोन १९९६मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

झाडाच्या नावाबद्दलही लिहाच. कॅम्प्टोथेसिन १९६६मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. सह्याद्रीतल्या नरक्यात ते असल्याचं १९७२मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा नरक्याचं शास्त्रीय नाव मॅपिया फोएटिडा होतं. फोएटिडा म्हणजे दुर्गंधी, आणि वासावरूनच आपण त्याला नरक्या म्हणतो. त्याच झाडाला मराठीत 'अमृता'ही म्हणतात. लेखात दोन्ही नावं द्या, पण मथळ्यात 'नरक्या'च ठेवा. 'अमृता' वाचून लोक झाड शोधत रानात जातील, आणि चोरट्या तोडीने ते आधीच विरळ झालंय.

वाक्य असं करता येईल : 'नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन हे विकररोधक आहे, कापलेल्या डीएनएच्या फटीत ते पाचरीसारखं बसतं आणि टोकं सांधू देत नाही.'