पहिल्या हंगामात एकच बदल, तोही कोपऱ्यात

शेतीच्या नव्या पद्धती शिकवायला जाल तेव्हा शेतकऱ्यापुढे एकदम पाच तंत्रं मांडू नका. छोट्या शेतकऱ्याला एक पीक बुडणंही परवडत नाही, म्हणून सुरुवात एका गुंठ्यावर आच्छादनाने, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती काडीकचऱ्याने झाकून, करा. आधी मात्र विचारा, काडीकचरा सध्या जातो कुठे? तो जनावरांच्या पोटात जात असेल तर तुमचा सल्ला तिथेच संपला. मग बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड लावून त्याचा पाला वापरायचं सुचवा.

गुंठ्याला ५० ते ६० किलो वाळका काडीकचरा लागतो. रोपं वीतभर झाल्यावर, ओल असतानाच पसरा. कोरड्या जमिनीवर टाकलात तर हलका पाऊस वरच्या वरच अडतो. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजतं. काडीकचरा मातीत मिसळू नका: तो कुजवणारे जीवाणू नत्र ओढून घेतात, पानं पिवळी पडतात आणि दोष तुमच्या माथी येतो! वाळवी असेल तिथे हा प्रयोग नकोच.

शेजारचा गुंठा उघडा ठेवा. पावसाने आठवडाभर ओढ दिली की दोन्हीकडची वीतभर खोलीवरची माती शेतकऱ्यालाच मुठीत दाबून बघू द्या. तुम्ही गप्प राहा.