महिन्याच्या किराण्याला ४,००० रुपयेच आहेत, घरात तिघं. ऑनलाइन मागवून खरंच पैसे वाचतात का?

वाचतात, पण महिन्यातून एकदाच मागवलंत तर. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवरून रोज थोडं थोडं मागवू नका. डिलिव्हरी, हँडलिंग, कधी छोट्या ऑर्डरचा वेगळा चार्ज, असं करत ३० रुपयांची कोथिंबीर-मिरची ६० ला पडते. भाजी आठवडी बाजारातूनच आणा, शक्यतो बाजार उठायच्या वेळी.

एमआरपीवर काट मारलेली सूट बघून भुलू नका. किलोचा, लिटरचा भाव बघा. तेलात तर हमखास फसगत होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, आणि शेजारीच तशीच दिसणारी पिशवी ८५० ग्रॅमची असते. ती सात-आठ रुपयांनी स्वस्त दिसते, पण तेलच ६० ग्रॅम कमी. तेल १५० रुपये लिटर धरलं तर त्या ६० ग्रॅमचेच जवळपास दहा रुपये होतात. मी कितीतरी महिने तीच पिशवी घेत होते. आता आधी वजन वाचते.

तूरडाळ, साखर, पोहे, रवा यांचा भाव कोपऱ्यावरच्या वाण्याकडे विचारून मगच टोपलीत टाका. सुटी डाळ बऱ्याचदा त्याच्याकडेच स्वस्त मिळते, शिवाय पाव किलोही देतो.

आणि फुकट डिलिव्हरीला ४० रुपये कमी पडतायत म्हणून बिस्किटं घेऊ नका. मीठ किंवा कपड्यांचा साबण घ्या, ते लागणारच असतं.