उतारवयात पुरुषाचा आवाज बारीक आणि स्त्रीचा जाड का होतो?

आपला प्रश्न असा आहे: केळीच्या बागेतून थेट घरापर्यंत हाक पोहोचवणाऱ्या वडिलांचा आवाज सत्तरीनंतर बारीक आणि कापरा झाला, आईचा मात्र जाड झाला, हे असे उलट कसे? मी धुळ्यात वाचा-उपचारतज्ज्ञ आहे आणि हीच तक्रार घेऊन जळगाव-नंदुरबारकडचीही वडीलधारी माणसे येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वरतंतूंची जोडी पुढे कंठमण्याच्या आतल्या बाजूस एकत्र जोडलेली असते आणि मागे दोन लहान, फिरत्या कूर्चांना. श्वास घेताना तंतू उघडतात, बोलताना जवळ येतात. त्यांची लांबी प्रौढ पुरुषात साधारण १७ ते २१ मिलीमीटर आणि स्त्रीत ११ ते १५ मिलीमीटर असते.

आवाजाचे खरे मर्म मात्र लांबीपेक्षा थरांत आहे. सर्वांत वर पातळ आवरण, त्याखाली अगदी मऊ, ओलसर थर, मग लवचीक धाग्यांचा, त्यानंतर चिवट कोलेजनचा आणि सर्वांत आत स्नायू, ही रचना जपानचे डॉक्टर मिनोरू हिरानो यांनी १९७० च्या दशकात उलगडून दाखवली. वरचा मऊ भाग आतल्या स्नायूवर सैल असल्यामुळे फुप्फुसातली हवा लागताच त्यावर लाट उठते. पुरुषात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रीत दोनशेच्या आसपास. स्ट्रोबोस्कोपीच्या, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात केलेल्या तपासणीच्या, पडद्यावर ती संथ झालेली दिसते आणि रोजचे काम असूनही माझी नजर तिच्यावर खिळतेच. नवजात बाळात हे थर वेगळे झालेले नसतात. ते पूर्ण घडायला किशोरवय सरावे लागते.

उतारवयात प्रत्येक थर आपल्या परीने बदलतो. स्नायू झिजतो, लवचीक धागे कमी होतात, कोलेजन वाढून ताठर होते, कूर्चांमध्ये हाड धरू लागते. पुरुषात झीज अधिक जाणवते: तंतू सडपातळ होऊन धनुष्यासारखे बाहेर वाकतात आणि पूर्ण मिटत नाहीत. ‘ई’ लांबवायला सांगितले, की मधल्या फटीतून हवा निसटताना स्पष्ट दिसते. तंतू हलके झाल्याने स्वर चढतो आणि फटीमुळे हाकेतला जोर जातो. स्त्रीत पाळी गेल्यानंतर संप्रेरके बदलतात, वरच्या थरात सूज धरते, तंतू जड होतात आणि स्वर उतरतो. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणणाऱ्या आजींना पूर्वीची पट्टी झेपत नाही, याचे हेच कारण आहे. त्यांनी खालच्या पट्टीत खुशाल गावे. ओढून चढा सूर लावण्याचा आग्रह कुणी करू नये, असे मला मनापासून वाटते.

वडिलांसाठी श्वास आणि आवाजाचे व्यायाम शिकून घ्यावेत. ते नियमित केले, तर आवाजाला बळ येते. फट मोठी असल्यास डॉक्टर तंतूंत भरण-द्रव्याचे इंजेक्शनही देतात. पाणी पुरेसे प्यावे, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात.

मात्र आवाज बसून तीन-चार आठवडे झाले असतील, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल किंवा विडी-तंबाखूची सवय असेल, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने तपासणी करून घ्या आणि व्यायाम त्यानंतरच सुरू करा, कारण स्वरतंतूंचा कर्करोग आवाजातल्या बदलामुळे लवकर लक्षात येतो आणि तेव्हा उपचारांना चांगला प्रतिसादही देतो.